आग्नेयेकडून फुकट

आकाशातून काहीतरी फुकट घरपोच येण्याची बुलढाणा जिल्ह्याला जुनी सवय आहे. लोणारला एकदा असाच एक अशनी येऊन पडला. ना नोंदणी, ना डिपॉझिट, ना इन्स्टॉलेशन चार्ज. त्याने केलेलं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, आणि तो नेमका कधी आला यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. कोणी पन्नास हजार वर्षं म्हणतं, कोणी साडेपाच लाखांच्याही मागे जातं. डिलिव्हरीची वेळ नक्की न सांगण्याची पद्धत तेव्हापासूनची असावी.

दूरदर्शनची फुकट छत्री त्यामानाने अगदी कालपरवाची. १६ डिसेंबर २००४ रोजी ३३ वाहिन्या घेऊन ती 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली आणि पुढे तिची 'डीडी फ्री डिश' झाली. एकदा बॉक्स आणि छत्री घ्या, नंतर दरमहा एक रुपया नाही. माध्यम व्यवसायातले अंदाज असं सांगतात की देशातली साडेचार कोटींहून अधिक घरं या छत्रीखाली आहेत. हा आकडा ऐकून मुंबई-पुण्याकडच्या लोकांच्या भुवया वर जातात. आमच्या जात नाहीत. दर महिन्याचा रिचार्ज ही पगारदाराने पगारदारासाठी काढलेली कल्पना आहे. ज्याचं सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर विकतं आणि तूर त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, त्याच्या हातात पैसा वर्षातून दोनदा येतो. टीव्हीला मात्र तो महिन्याच्या महिन्याला हवा असतो. मृग कोरडा गेला आहे, खताच्या गोणीसाठी कृषी केंद्रासमोर रांग लागली आहे, आणि घरी सासूने सुनेच्या दुधात काहीतरी कालवताक्षणी पडद्यावर 'कृपया रिचार्ज करा' अशी पाटी. ते दूध सुनेने घेतलं की नाही, हे सोयाबीन विकल्यावर कळायचं.

आमचे शेजारी निवृत्त गुरुजी यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांना पेन्शन आहे, रिचार्ज सहज परवडतो. पण परवडतं म्हणून पैसे द्यायचे, हे त्यांच्या तत्त्वात बसत नाही. त्यांच्या घरावर छत्री आली ती फ्री डिश नवी होती तेव्हाच, आणि तिचा बॉक्स त्यांनी बस्ता बांधतात तसल्या कापडात शिवून धुळीपासून जपला होता. सगळं ठीक चाललं होतं. मग पुण्याच्या मुलाने दिवाळीला ४३ इंची टीव्ही पाठवला.

नवा टीव्ही जुन्या बॉक्सला जोडला आणि बातम्या देणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर चौकोनी गांधी उठल्या. गुरुजी गणिताचे. त्यांनी वीजबिलाच्या मागे हिशेब मांडला. साधं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाख चौदा हजार सातशे वीस ठिपके. नवा पडदा १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. भागाकार बरोब्बर पाच आला, बाकी शून्य. "एका ठिपक्याला पाच ठिकाणी राबवून घेतात हे," गुरुजी म्हणाले. एकशिक्षकी शाळेत उभी हयात काढलेल्या माणसाला त्या ठिपक्याबद्दल सहानुभूती वाटणं साहजिक होतं. दुसऱ्याच दिवशी आम्ही एचडी बॉक्स घ्यायला खामगावला निघालो.

खामगाव म्हणजे चांदीचं गाव. गुरुजींनी नातवाच्या उष्टावणाला तिथूनच चांदीची वाटी घेतली होती. तेव्हा त्यांनी वजनकाट्याकडेसुद्धा पाहिलं नव्हतं, पेढीचं नाव पुरलं होतं. हजार-बाराशेच्या डब्यासाठी मात्र त्यांनी वहीचं एक पान भरून प्रश्न आणले होते.

"भाऊ, फ्री डिशचा बॉक्स दाखवा. एचडी पाहिजे."

"सगळे एचडीच हायेत, गुरुजी." दुकानदाराने काउंटरवर चार खोकी मांडली. सगळ्यात स्वस्त खोक्यावर सोनेरी अक्षरांत 'एचडी क्वालिटी' असं छापलेलं होतं, आणि शेजारी एक वाघ. वाघ अत्यंत सुस्पष्ट होता.

"यात एमपेग-२ आहे की एमपेग-४?"

"चालते ना गुरुजी हा. गॅरंटीनं चालते."

"चालतो ते समजलं. आत काय आहे?"

"आत मशीन हाय."

गुरुजींनी खोकं उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, एमपेग-२ शोधून काढलं. तिथे वाघ नव्हता.

ही गोष्ट खरोखरच समजून घेण्यासारखी आहे, आणि दुकानात ती कोणी सांगत नाही. चित्र उपग्रहावर पाठवण्याआधी दाबून लहान केलेलं असतं; ते पुन्हा उलगडायचं काम बॉक्सचं. एमपेग-२ ही दाबण्याची जुनी रीत. एमपेग-४ ही नवी, तिला साधारण निम्म्या जागेत तेवढंच चित्र मावतं. नवा बॉक्स दोन्ही उलगडतो, जुन्याला नव्याची गाठच सुटत नाही. फ्री डिशवर बऱ्याच वाहिन्या अजून जुन्या रीतीने येतात, म्हणून गावोगावचे जुने बॉक्स जिवंत आहेत. डीडी नॅशनल एचडी किंवा डीडी न्यूज एचडी पाहायचं तर एमपेग-४ ला पर्याय नाही. खोक्यावर 'एमपेग-४' आणि 'डीव्हीबी-एस२' ही दोन नावं असली की खोकं बाकी वाचायची गरज नाही, वाघासकट.

दुसरा बॉक्स एमपेग-४ निघाला. गुरुजी पुढच्या प्रश्नावर आले. "टीव्हीला जोडायची वायर?"

"हाय ना आत." दुकानदाराने पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिनांची वायर काढून दाखवली.

"ही नको. एचडीएमआय."

"ते वेगळी घ्या लागते."

लाल आणि पांढरी पिन आवाजाची. चित्र सगळं त्या एकट्या पिवळीतून जातं, आणि पिवळीतून एचडी जातच नाही. ती वायर साध्या चित्रासाठीच केलेली आहे. माझा आपला कयास असा, की आमच्याकडचे निम्मे एचडी बॉक्स पिवळ्या पिनेने जोडलेले आहेत आणि घरमालक पाहुण्यांना चित्रातला फरक समजावून सांगत आहेत. पाहुण्यांनाही तो दिसतो. चहा व्हायचा असतो.

तिसऱ्या बॉक्सवर 'वाय-फाय रेडी' होतं. वाय-फाय रेडी म्हणजे पाहुण्यासाठी सारवून ठेवलेलं घर. पाहुणा बाहेरून विकत आणायचा. त्याची यूएसबीत खोचायची दांडी निराळी, तिचे पैसे निराळे, आणि इंटरनेट तुमच्या मोबाइलचं. गुरुजींनी तो बाजूला सारला. चौथ्यात पेनड्राइव्हवर कार्यक्रम रेकॉर्ड करण्याची सोय होती. तिथे मात्र गुरुजी घोटाळले. टीव्हीवरची कीर्तनं साठवून ठेवावीत, निवांतपणी ऐकावीत, असं त्यांच्या मनात आलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झालेल्या माणसाला आणखी कुठला निवांतपणा हवा होता, हे मी विचारलं नाही.

शेवटी दुसरा बॉक्स. चौदाशेवरून साडेअकराशे, आणि वर एचडीएमआयची वायर फुकट द्यावी असा आग्रह. "टीव्ही फुकटाचा, अन् वायर बी फुकट?" दुकानदार म्हणाला. गुरुजी म्हणाले, "तत्त्वात सातत्य पाहिजे." वायर मिळाली.

परतीच्या एसटीत त्यांना वाशीम आठवलं. त्यांची मुलगी त्या जिल्ह्यात रिसोडला दिलेली आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आकाशवाणी-दूरदर्शनच्या आधुनिकीकरणासाठी अडीच हजार कोटींहून अधिक रकमेची योजना मंजूर केली. तिच्यात दुर्गम, आदिवासी, सीमेवरच्या भागांत आणि आकांक्षित जिल्ह्यांत मिळून आठ लाखांवर फ्री डिश बॉक्स फुकट वाटायचं ठरलं होतं. शेजारचा वाशीम आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, बुलढाणा नाही. मेहकरची हद्द ओलांडली की माणूस आकांक्षित होतो. "आपण काय समाधानी आहोत का?" गुरुजींनी कंडक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. मुलीच्या घरी केबल आहे आणि तिला बॉक्सची गरजच नाही, हा मुद्दा त्यांनी अमान्य केला.

छत्री जुनीच होती, पण नव्या बॉक्ससाठी ती नीट लावून घ्यावी म्हणून दुसऱ्या दिवशी डिशवाला पोरगा आला. एक पाना, एक पक्कड आणि सिग्नल मिळाला की किर्र करणारं एक यंत्र, एवढ्या सामग्रीवर तो पंचक्रोशी सांभाळतो. उपग्रहाचा पत्ता त्याला पाढ्यासारखा पाठ: "११०९०, व्ही, २९५००." गुरुजींनी त्याच्याकडे पहिल्यांदाच कौतुकाने पाहिलं. शाळेत हाच पोरगा तेराच्या पाढ्याला अडखळायचा.

जीसॅट-१५ हा आपला उपग्रह पूर्व रेखांश ९३.५ अंशावर, विषुववृत्ताच्या डोक्यावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. आमच्या गच्चीवरून तो आग्नेयेला, जवळजवळ साठ अंश वर. आग्नेय म्हटल्यावर गुरुजी वास्तुशास्त्रावर आले. ती अग्नीची दिशा, स्वयंपाकघर तिथेच असावं वगैरे. गुरुजींच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, खालून म्हणाल्या, "म्हणजे हेही माझ्याचकडे आलं का?"

नोव्हेंबर २०१५ मध्ये हा उपग्रह दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानातून, एरियन-५ अग्निबाणावर बसून वर गेला. भारताचा उपग्रह, युरोपचा अग्निबाण, दक्षिण अमेरिकेतली जमीन. सगळ्यांचं नीट जमलं. त्याच्यावर विमानांना वाट दाखवणाऱ्या 'गगन' या यंत्रणेचाही भाग आहे. खामगाव-जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची. त्या मार्गावरून अजून एक डबा धावलेला नाही, पण विमानांना दिशा दाखवणारा उपग्रह गुरुजींना बातम्या दाखवायला तयार होता. ३६ हजार किलोमीटर वाट मोकळी होती. अडचण शेवटच्या तीस फुटांत होती. आग्नेयेला गुरुजींच्या चुलतभावाचा कडुनिंब.

छत्री बसवली त्या वर्षी हे झाड कंबरेएवढं होतं. आता ते सिग्नलच्या बरोबर वाटेत आलं होतं. फांदी छाटायची तर चुलतभावाला विचारायला हवं, विचारायचं तर बोलायला हवं, आणि बोलणं धुऱ्याच्या वादापासून बंद होतं. त्या धुऱ्याची मोजणी तालुक्याच्या दप्तरात अजून सुरू आहे. पोरग्याने दोन्ही घरांकडे पाहिलं, परिस्थिती ओळखली आणि छत्री उचलून गोठ्याच्या पत्र्याजवळच्या खांबावर नेली. वायर वाढली, बिल वाढलं, भाऊबंदकी जशीच्या तशी राहिली.

पूर्वी अशा वेळी एक माणूस वर, एक दारात आणि एक टीव्हीपुढे लागायचा, आणि 'आला का?' हा प्रश्न हाताहाताने खाली पोचायचा. तोवर सिग्नल येऊन गेलेला असायचा. आता पोरगा व्हिडिओ कॉल लावतो आणि टीव्हीचा पडदा खांबावर बसून पाहतो. त्याने गुरुजींना फोन टीव्हीसमोर धरायला सांगितलं. गुरुजींनी तो शिष्टाचाराप्रमाणे स्वतःच्या तोंडासमोर धरला.

"गुरुजी, तुमी नका दिसू. टीव्ही दाखवा."

"आधी नमस्कार तर करशील?"

पडद्यावर दोन पट्ट्या आल्या. वरची ताकदीची, खालची गुणवत्तेची. ताकद नुसती वायर जोडली तरी भरभरून येते. ती पाहून हुरळायचं नाही. खालची पट्टी ० वर असेल तर बाकी सगळं व्यर्थ. पोरग्याने पाना चिमूटभर फिरवला. खालची पट्टी ४०, ५५, मग ७२. तेवढ्यात गेली. खांबाला म्हैस अंग घासत होती. तिला दुसऱ्या खुंट्यावर बांधली, आणि मग चित्र आलं ते राहिलं.

काय चित्र आलं! डीडी न्यूज एचडी. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला. निवेदिकेच्या पापण्या मोजून घ्याव्यात, पदराला लावलेली पिन दिसावी. सरकारी निर्णय, सरकारी उद्घाटनं, फीत, कात्री, कात्री धरणारा अधिकारी, अधिकाऱ्याच्या मागे तोंड घुसवणारा कार्यकर्ता. सरकार इतकं स्वच्छ याआधी कधी दिसलं नव्हतं. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "सेमी आहे."

"काय?"

"पैठणी. सेमी आहे. काठावरचा मोर बघा की."

मला विचाराल तर उच्च तंत्रज्ञानाचा इतका थेट उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. साध्या बॉक्सवर ती साडी अस्सल येवल्याची म्हणून खपली असती.

मग गुरुजींनी वाहिनी बदलली. जुने सिनेमे, मालिका, खासगी मराठी वाहिन्या, भक्तीच्या वाहिन्या. सगळीकडे पुन्हा चार लाख चौदा हजार सातशे वीस. फुकटात एचडी म्हणजे मुख्यतः दूरदर्शनच्या स्वतःच्या मोजक्या वाहिन्या. बाकीच्यांना जागा कमी लागावी म्हणून त्या साध्याच दर्जात राहतात, आणि एवढं बारकाईचं चित्र फुकट कोण कशाला देईल? साडेअकराशे रुपये देऊन एका ठिपक्याची पाच ठिकाणची राबणूक थांबली ती फक्त बातम्यांपुरती. गुरुजी थोडे खट्टू झाले, पण त्यांच्या हातात एक हुकमाचं पान होतं. क्रिकेट.

२००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मर्यादा घातली: असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या फ्री डिशवरूनच दाखवावं, खासगी केबल आणि डीटीएचवर ते जाऊ नये. त्यामुळे गुरुजींकडे दूरदर्शनवर भारताचा सामना रंगात आलेला असतो, तेव्हा पुण्यात पैसे भरून डिश घेतलेल्या मुलाच्या घरी दूरदर्शनवर भलतंच काही लागलेलं असतं. त्याला खेळाच्या वाहिनीचे वेगळे पैसे भरावे लागतात. गुरुजी प्रत्येक षटकानंतर त्याला फोन करून स्कोअर सांगतात. तो सामना पाहतच असतो, हे त्याने त्यांना अद्याप सांगितलेलं नाही. आयपीएल मात्र या कायद्यात बसत नाही. त्या दोन महिन्यांत मुलगा फोन करतो.

पावसाळ्यात छत्रीची खरी गंमत. तिच्या लहरींची लांबी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर. दाट पावसाचा ढग आडवा आला की त्या वाटेतच जिरतात आणि चित्राचे तुकडे पडतात. लोक वैतागतात, गुरुजी वैतागत नाहीत. आमच्या घाटाखालच्या पट्ट्यात पावसाचं भाकीत जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळचं. अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात, अठरा प्रकारची धान्यं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाणी, पिकं, राजाची गादी असं सगळं सांगतात. भेंडवळचं भाकीत सालाचं. छत्रीचं दहा मिनिटांचं, तेही फक्त आग्नेयेकडचं. पण खळ्यावर सोयाबीन पसरलेलं असताना दहा मिनिटं पुष्कळ होतात. डीडी न्यूजवरच्या मंत्र्यांचे चौकोन व्हायला लागले की गुरुजी दारातून ओरडतात, "ताडपत्री!" आणि गल्लीतले तीन जण खळ्याकडे पळतात. हवामान खात्याच्या बातमीसाठी ते कधी पळाले नव्हते.

ढग नसतानाही चित्र जातं, त्याला कारण सूर्य. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास तो उपग्रहाच्या नेमका पाठीमागे येतो, छत्रीला दोघे एकाच रेषेत दिसतात, आणि सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. काही मिनिटांत तो पुढे सरकतो, चित्र आपसूक परत येतं. या काही मिनिटांवर पंचक्रोशीतले निम्मे एलएनबी, म्हणजे छत्रीच्या तोंडाशी लहरी झेलणारे डबे, बदलले गेले असतील. पोरगा येतो, जुना काढतो, नवा लावतो, एवढ्यात चित्र येतं, आणि दोन्ही पक्ष समाधानाने चहा घेतात. गुरुजींनी हे गणित मांडून त्याला दाखवलं तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "गुरुजी, कोनाले सांगू नका."

एवढं सगळं निस्तरल्यावर उरतो तो वाहिन्यांचा प्रश्न. फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो, खासगी वाहिन्या त्यासाठी कोट्यवधी मोजतात आणि १ एप्रिलला मांडणी बदलते. मार्च २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या फुकट हिंदी वाहिन्या एकदम उठून गेल्या, २०२० मध्ये परतल्या, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. मराठीतल्याही येऊन-जाऊन असतात. दर वेळी रिमोटवरून 'ऑटो स्कॅन' करायचं, बॉक्स सगळं आकाश नव्याने चाळतो, आणि जुने नंबर मोडून नवे लावतो. गुरुजींनी कालनिर्णयच्या मार्चच्या पानावर लाल शाईने यादी केली होती: सह्याद्री कुठे, सिनेमे कुठे, कीर्तन कुठे, आणि काकूंच्या दुपारच्या मालिकेपुढे एक फुली. मार्चचं पान उलटलं आणि यादी भिंतीकडे गेली, तशी ती निरुपयोगीही झाली. स्कॅनमध्ये शंभरावर वाहिन्या सापडल्या. विक्रीच्या, पूजेच्या, भोजपुरी सिनेमांच्या, आणि कढईवर तासभर बोलणारी एक. काकूंची नव्हती.

त्या दुपारी जेवणं आटोपून काकू टीव्हीसमोर येऊन बसल्या. "अहो, माझी मालिका आता कोणत्या नंबरवर?"

गुरुजींनी पेन्सिल कानावर ठेवली. "पुढचा लिलाव झाला की सांगतो."